पाठीचे हूक

रोह्यात पाठीला हूक लावलेल्या ब्लाउजची फॅशन जमिलानेच आणली, असं बायका म्हणत, आणि जमिलाला ते ऐकायला आवडे. निडी गावच्या मालूकाकूंनाही तिने भाचीच्या लग्नासाठी तसाच ब्लाउज शिवून दिला होता. लग्न उरकल्यावर काकू तो घेऊन परत आल्या. घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

"हूक पुढं घे गो, जमिला."

"काकू, आता पुढं कोण लावतंय? मागचेच शोभतात."

"शोभत असतील. पण घरात मी एकटी. मागं हात पोचत नाय. लग्नाला जुनाच घालून गेले."

हूक लावताना ते अडकवणार कोण, हे जमिलाने कधी कुणाला विचारलंच नव्हतं.

काकू गेल्यावर तिने कपाटातून निळा ड्रेस काढला. नवऱ्याने, मुरादने, कुवेतहून हौसेने पाठवलेला. पाठीला मानेपर्यंत चेन. दर ईदेला ती तो अंगावर चढवी, चेन अर्ध्यावर अडे, आणि जुनाच ड्रेस घालून ती शेजारी शीरखुर्मा द्यायला जाई. फोनवर मुरादने विचारलं की सांगे, अगदी मापात बसला.

आज तिने तो मशीनवर पालथा टाकला आणि पाठीची चेन उसवायला घेतली.