खालची ओळ

चित्राखाली बोटभर रुंदीची एक पट्टी उरली होती—बाकी कागद पिवळा पडलेला, ती तेवढी पांढरी, दोन टोकांना वाळलेल्या डिंकाचे तपकिरी ठिपके. आणि त्या दोन ठिपक्यांच्या मधे चाळीस वर्षं एक विनोद होता. त्या विनोदाची चिठ्ठी गळून पडली होती. फायलीत नाही, टेबलाखाली नाही, केरात... केर तर सकाळीच गेला.

चित्र जागच्या जागी होतं. भाजीचा वाफा, कोबीचे गड्डे, मधोमध बुजगावणं—अंगात घरधन्याचा कोट, मोठ्या ऐटीत—आणि शेजारी झारी घेतलेला खुद्द घरधनी, त्याच्या डोक्यावर, खांद्यावर, झारीच्या तोटीवरसुद्धा कावळे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बायको पाहुणीला काहीतरी सांगते आहे. तोंड उघडं. काय सांगते आहे?

"काका, पाचपर्यंत खालची ओळ द्या, मुखपृष्ठ अडलंय," व्यंगचित्रसंग्रहाचा प्रकाशक त्याला फोनवर म्हणाला होता. "तुम्हाला काय, डाव्या हातचा मळ!"

बागकामाच्या मासिकात दर महिन्याला भाजीच्या बागेवर एक चित्र, अशी त्याने तीनशे काढली. घरी कुंडीत कोथिंबीरसुद्धा जगली नाही. मुळे, भोपळे, गोगलगायी... लोक रस्त्यात थांबवून म्हणत, काय सुचतं हो तुम्हाला! तो मान लववून हसे—मानेचा तेवढा व्यायाम त्याने आयुष्यभर नेमाने केला. सुचायचं बायकोला. वाटाणे सोलता सोलता, चित्राकडे एकदाच बघून, चेहऱ्यावरची रेष न हलवता ती बोलायची, आणि तो खुळ्यासारखा तिच्या तोंडाकडे बघत राहायचा, हा विनोद की तक्रार? "सांगणाऱ्याने हसायचं नसतं," ती म्हणायची. मग स्वतःच चिठ्ठीवर लिहून डकवायची. सही मात्र त्याची. कोपऱ्यात, शेपटीवाली. एकदा तिने विचारलं होतं, "आणि मी कुठे?" तो म्हणाला होता, अगं, खिडकीत आहेस की!... तेवढा एक विनोद त्याचा स्वतःचा.

पावणेपाच. ती खुर्चीत बसली होती, उजवा हात कुणीतरी मांडीवर ठेवून गेल्यासारखा. झटका आल्यापासून शब्द तिच्याकडे पत्ता चुकून येत—चमच्याला ती छत्री म्हणे, डॉक्टरांना मावशी. त्याला काहीच म्हणत नसे. आठ महिन्यांत एक 'अहो' नाही.

त्याने चित्र तिच्या पुढ्यात धरलं. "ही बाई काय म्हणतेय गं? आठव ना. तूच लिहिलं होतंस." आवाज विनवणीचा निघाला. मुखपृष्ठ गेलं चुलीत... ती आत कुठेतरी अजून बसलेली असेल, वाटाणे सोलत, तर तिने एकदा, एकदाच...

ती बघत राहिली. मग डावा हात उचलला. बोट खिडकीवरून गेलं, झारीवाल्यावर क्षणभर थांबलं, पुढे सरकलं आणि बुजगावण्यावर टेकलं.

"हे," ती म्हणाली. "हे... आमचे हे."

तो हसायला गेला आणि थांबला. हीच ओळ! हीच असणार—की तिला खरंच तो कोटवालाच नवरा वाटला...? त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. रेष हललेली नव्हती.

फोन वाजू लागला. पेनचं टोपण काढून तो उभाच राहिला, आणि ती त्याच्याकडे बघत होती—याला कळलं की नाही, अशी. किंवा हा कोण पाहुणा, चहाचं विचारावं की काय, अशी.

सांगणाऱ्याने हसायचं नसतं. ऐकणाऱ्याने काय करायचं, ते तिने कधी सांगितलं नव्हतं.