टक्क्यांच्या ओळी

नवनाथ काही वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. नुसता आळशी. पण त्या आळसानं काय करून ठेवलं, ते ऐका.

चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत तो कॉम्प्युटर सांभाळायचा. कामगारांना तक्रार लिहायला शॉपवर, मशीनांजवळच, एक स्क्रीन लावलेला होता. महिन्याला सगळ्या तक्रारींची यादी नवनाथ काढायचा आणि मॅनेजर शेखरसाहेबांना पाठवायचा. ऑफिसवाल्यांच्या इंग्रजी तक्रारी नीट दिसायच्या: एसी, पार्किंग, कॅन्टीनचा चहा. बाकीच्या ओळींत मात्र नुसती टक्क्याची चिन्हं, आकडे आणि इंग्रजी अक्षरं, हातभर लांब. 'कचरा आहे,' म्हणून तो त्या गाळायचा. दोन वर्षं गाळल्या.

यंदा कंपनीनं नवं सॉफ्टवेअर घेतलं. जुन्यातली एकही ओळ सोडायची नाही, असा हुकूम निघाला. तेव्हा कुठे स्वारीनं त्या ओळी उलगडायला घेतल्या. जुनं सॉफ्टवेअर मराठी अक्षरं साठवताना त्यांची अशी चिन्हं करून ठेवायचं. एक कमांड दिली की पुन्हा मराठी. हे त्याला कॉलेजात शिकवलेलं होतं, बरं का!

स्क्रीनवर सरळ मराठी उतरलं आणि नवनाथच्या तोंडचं पाणी पळालं.

'प्रेस नंबर चारची जाळी तुटली आहे. हात आत जातो. कस्तुरा.' पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. मग तिसरी: 'साहेब, आधीचं माझं लिहिणं समजलं नसेल. हे मुलीकडून नीट लिहून घेतलं आहे. जाळी बसवा.'

त्यानंतर आठच दिवसांनी त्या प्रेसनं, पत्रा दाबणाऱ्या मशीननं, कस्तुराबाईंची तीन बोटं नेली. चौकशीत कागद जोडला गेला, 'या मशीनबद्दल एकही तक्रार नाही.' खाली सही नवनाथची. त्याच कागदाच्या जोरावर बाईंवर निष्काळजीपणाचा ठपका ठेवून त्यांना काढायचं घाटत होतं. शेवटची सुनावणी दुसऱ्या दिवशी होती. नवनाथचा डबा त्या दुपारी तसाच परत गेला.

सुनावणीत त्यानं तिन्ही तक्रारी छापून शेखरसाहेबांपुढे ठेवल्या. समोर कस्तुराबाई बसल्या होत्या, उजवा हात पदराखाली.

साहेबांनी वाचलं. "अरे राव, ही तर सॉफ्टवेअरची चूक. तसं लिहू. तू कशाला अंगावर घेतोस?"

किती सोपं होतं! नवनाथनं होकारार्थी मान डोलावलीसुद्धा. लाज कोळून प्यालेला माणूस!

"मला वाटायचं, माजंच लिवायला चुकतंय," कस्तुराबाई हळूच म्हणाल्या. "म्हणून पोरीला बसवलं व्हतं."

धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं त्याला झालं.

"सॉफ्टवेअरची नाही, साहेब," तो उभा राहिला. "मी गाळल्या. न वाचता. दोन मिनिटांचं काम होतं आणि मला ते येत होतं. लिहून घ्या."

साहेबांना लिहून घ्यावंच लागलं. ठपका आता बाईंवर राहणार नव्हता. नवनाथनं त्यांच्यापुढे हात जोडले. शिव्या देतील, द्याव्यातच, असं त्याला वाटत होतं.



"दोनच मिन्टं?" कस्तुराबाईंनी विचारलं.

"हो, ताई."