दोब्रिन्काच्या दारातलं वळण

आमच्या अक्रोड गल्लीत नगरपालिका एकच बाक देणार होती, आणि तो ल्युबाच्याच दारात जाणार याची दोब्रिन्काला पहिल्यापासून खात्री होती.

आजवर सगळं ल्युबाच्याच दारात गेलं होतं. सावली तिथे. संध्याकाळी आम्ही बायका सूर्यफुलाच्या बिया फोडत बसायचो तेही तिथेच. दोब्रिन्काचं घर गल्लीच्या खालच्या टोकाला. रोज स्वतःचं स्टूल उचलून चढण चढायची आणि वर म्हणायची, "किती गार आहे गं तुझ्याकडे!" तेव्हा तिचे दात कसे आवळलेले असत, ते मी शेजारी बसून पाहिलंय.

नगरपालिकेच्या यावोर इंजिनीअरने आम्हाला नीट समजावलं. रस्ता सरळसोट, म्हणून बाजाराकडे जाणारे सिग्नल चुकवून आपल्या गल्लीतून सुसाट सुटतात. आता सगळा रस्ता उखडून नवा करायचा, आणि एका ठिकाणी पदपथ पुढे आणायचा. रस्ता तिथे वळेल, ड्रायव्हरचा पाय आपोआप उचलला जाईल. पुढे आलेल्या जागेत लिंडनचं झाड आणि बाक.

"कुणाच्या दारात?" दोब्रिन्काने विचारलं.

"जिथे गाड्या सगळ्यांत जोरात जातात तिथे. खांबांवर पेट्या लावतोय, त्या वेग मोजतील."

घरी येऊन ती नवऱ्याला म्हणाली, "मेतोदी, यंदा मिरच्या मागच्या अंगणात भाजायच्या."

"मागे? कोंबड्यांपुढे?"

"हो. त्यांनाही कळू दे वास."

सप्टेंबरात आमच्याकडे मिरच्या दारात, रस्त्याच्या कडेलाच भाजतात. खिडकीतून वायर ओढायची, विजेची भट्टी मांडायची, लाल मिरच्यांचे क्रेट निम्म्या रस्त्यात. गाड्या धुरातून मुंगीच्या पावलांनी जातात, ड्रायव्हर माना बाहेर काढून विचारतात, कुणाची भाजणी आहे ही? दोब्रिन्काच्या दारात मात्र त्या आठवड्यात साधा झाडूसुद्धा नव्हता. धुरातून सुटलेली गाडी तिथे पोचली की ड्रायव्हर चिडून जोर लावायचा. पडद्यामागून दोब्रिन्का म्हणायची, "शाब्बास रे पठ्ठ्या!"

बाकी वेळ ती मागे एकटी बसून मिरच्या सोलत होती. गल्लीतलं हसणं छपरावरून मागे येत होतं. त्यातलं ल्युबाचं हसू तिला बरोबर ओळखू यायचं.

"एवढं काय हसतात?"

"मिरच्या भाजताना माणसं हसतातच," मेतोदी म्हणाला. "तुझ्यासारखं पडद्याआड कोणी उभं राहत नाही."

मग वाचनालयाच्या हॉलमध्ये सभा झाली. दोब्रिन्का चर्चला जायच्या कपड्यांत, पहिल्या रांगेत. यावोरने नकाशा टांगला आणि डोकं खाजवत उभा राहिला.

"माझी चूक झाली. पेट्या मी नेमक्या मिरच्यांच्या आठवड्यात लावल्या. माझी स्वतःची आई दारात भट्टी घेऊन बसली होती, तरी डोक्यात आलं नाही. सगळी गल्ली रांगतेय, आणि एकाच दारात गाड्या उडतायत. कारण तिथे मिरच्याच नव्हत्या. हे आकडे कामाचे नाहीत."

सगळ्या माना वळल्या.

"माझ्या कोंबड्यांना आवडतो तो वास," दोब्रिन्का म्हणाली. हॉल खो खो हसला. तिच्या कानाच्या पाळ्या मिरच्यांसारख्या झाल्या. आता बाक कुठे जाणार ते तिला दिसत होतं.

तेवढ्यात ल्युबा उठली.

"पोरा, आकडे राहू देत. वळण तिच्याच दारात घाल. तिथे उतार आहे, मिरच्या असोत नसोत, गाड्या तिथेच सुटतात. तिचा बोका तिथेच गाडीखाली गेला. त्या दिवशी मी मोहरीची बाटली मागायला निघाले होते, हिच्या फाटकाशी रडणं ऐकलं आणि तशीच परत फिरले. आणि खरं सांगू? रोज अख्खी गल्ली माझ्या उशाशी बडबडते. मला लवकर झोप येते!"

यावोरने पेन्सिलीने खूण केली. काम झालं. हॉलमधून बाहेर पडताना दोब्रिन्काने माझा दंड धरला. "बघितलंस? मला मिळालं तेही हिनेच दिलं. आणि तेही माझ्या बोक्याचं नाव घेऊन!" आवाज भांडणाचा होता, पण डोळे पुसायला तिला रुमाल लागला.

उन्हाळ्यापर्यंत रस्ता झाला. काठीएवढं लिंडन, त्याची सावली अजून एका माणसालाही पुरत नाही. तरी आम्ही सगळ्या तिथेच बसतो. आता ल्युबा आपलं स्टूल घेऊन उतार उतरते. "ये, बाकावर बस," म्हणून दोब्रिन्का सरकते, फार नाही, जेमतेम.

परवा मिरच्या भाजत होतो. एक गाडी वळणापाशी आली, अगदी अदबीने हळू झाली. काच खाली गेली. दोब्रिन्का सावरून बसली.

"ल्युबाकाकू," ड्रायव्हर म्हणाला, "तुमची ल्युतेनित्सा आहे का यंदा?"

"संपली!" ल्युबाने तोंड उघडायच्या आत दोब्रिन्का म्हणाली, आणि मिरच्या-टोमॅटोच्या चटणीची स्वतःची बरणी त्याच्या खिडकीतून आत कोंबली. "ही खा. आणि सावकाश जा."

ल्युबा इतकी हसली की बाक हलला.