सोळावं मत

राज्य सरकारनं आमचा जिल्हा शेजारच्या होल्झेनला जोडायचं ठरवलं होतं. मतदानाच्या आदल्या दिवशी खाणावळीत सोळा जणांनी हात वर करून सांगितलं होतं की आपण होल्झेनच्या जिल्ह्यात जायचं नाही, कोर्टात जायचं. जिल्हा सभेच्या एकतीस सभासदांत सोळा म्हणजे बहुमत. प्रत्यक्षात पेटीतून आमच्या बाजूची पंधराच मतं निघाली. होल्झेनशी करार मंजूर झाला आणि सत्याऐंशी वर्षांचा आमचा आल्टेनवील जिल्हा १९७३च्या एक जानेवारीला संपला.

म्हणजे एकजण फिरला होता. पण कोण? गावाला दुसरा उद्योग राहिला नाही.

दोन जानेवारीला त्या सोळांतलेच एक, जनावरांचे डॉक्टर टीलमान, नंबरपाटीवर होल्झेनची अक्षरं असलेली नवी गाडी घेऊन चौकात आले आणि सगळ्यांचं समाधान झालं. जुनी पाटी चालत होती, पण नवी गाडी नोंदवली की होल्झेनचीच अक्षरं मिळायची. म्हणून लोक गंजलेल्या गाड्या तारेनं बांधून चालवत राहिले. नाताळात हरणाला धडकून डॉक्टरांच्या गाडीचा चेंदामेंदा झाला होता, हे मला ठाऊक होतं. जिल्हा कार्यालयात वाहननोंदणीच्या खिडकीवर मीच बसत होते, पाटी मीच दिली होती. तरीही मला वाटलं, हाच तो.

"एवढी कसली घाई होती म्हणते मी!" बेकरीवाली रूब्झाम पाव बांधता बांधता म्हणाली. "आणि ट्राउडी, तो मुळात आपला नाहीच. युद्धानंतर पूर्वेकडून एक पेटी घेऊन आलेला निर्वासित माणूस."

"सत्तावीस वर्षं झाली गं त्याला."

"मग? सत्तावीस वर्षांत माणूस बदलतो होय?"

माझा नवरा एगोन सुतार, तोही सभासद, त्या सोळांतलाच. सगळ्यात मोठा आवाज त्याचा. डॉक्टर खाणावळीत आले की हा पेला उचलून दुसऱ्या टेबलावर जायचा, मग बाकीचेही. गाय अडली तरी शेतकरी टीलमानांना बोलवेनात. कुणाला बोलवायचे? होल्झेनच्या डॉक्टरला! एवढी अक्कल आमच्या गावात होती.

फेब्रुवारीत कार्यालयाची दप्तरं होल्झेनला पाठवण्यासाठी बांधायचं काम माझ्याकडे आलं. मतपत्रिकांचं लाखबंद पाकीट जाळून टाकायचं, असा लेखी हुकूम होता. मी ते फोडलं. डॉक्टरांविरुद्ध काहीतरी सापडावं, एवढीच इच्छा होती, खोटं कशाला बोलू?

मत द्यायच्या आडोशात दोरीनं बांधलेलं पेन होतं. तीस कागदांवर निळ्या शाईच्या बारीक फुल्या होत्या. 'करार मान्य'च्या गठ्ठ्यात एकच फुली जाड, लाल, चपट्या पेन्सिलीची होती. एकतीस सभासदांत सुतार एकच आणि त्याच्या कानामागची पेन्सिल मी वीस वर्षं धुण्याच्या खिशातून काढत आले होते. सगळे कागद मी शेगडीत घातले.

जेवताना विचारलं. एगोननं सूपचा चमचा खाली ठेवला.

"होल्झेनवाल्यांनी लिहून दिलं होतं. करार केलात तर कार्यालयातली सगळी माणसं घेऊ. कोर्टात गेलो असतो, तर तू घरी बसली असतीस."

"मला विचारलंस?"

"तू कोर्टातच जा म्हणाली असतीस."

ते खरं होतं. "आणि डॉक्टर?" मी म्हटलं. "त्यांचा धंदा बसला की रे."

"त्याला दुसरीकडे जमेल. एकदा आलाय ना उठून? आपण कुठं जाणार?"

मला त्याच्या तोंडात मारावंसं वाटलं. मी त्याला आणखी सूप वाढलं.

मार्चमधल्या एका शनिवारी डॉक्टर स्वतः दारात आले. टोपी हातात होती. आत या म्हटलं तरी आले नाहीत.

"ट्राउडीबाई, दवाखाना विकायला काढलाय. पण असा तोंड लपवून जायचं नाही मला. दप्तरं तुम्ही बांधलीत. मी पेनानं, करार अमान्यवर फुली मारली होती. त्या कागदांत कुणाचा काही माग असेल, तर उद्या चर्चबाहेर एक वाक्य बोला. तुमचं लोक ऐकतील. नाव कुणाचं घेऊ नका, फक्त टीलमान नव्हे, एवढंच म्हणा."

मागच्या आवारात एगोनचा रंधा चालला होता, तो थांबला.

एवढंच म्हणायचं होतं. पण टीलमान नव्हे म्हटलं की दुसऱ्या क्षणी गाव विचारणार, मग कोण? आणि सुतारणीला हे कसं कळलं?

"पाकीट बंद होतं, डॉक्टर," मी म्हणाले. "बंदच जाळलं."

त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली. मला वाटलं, ओळखलं यांनी.

"बरोबर केलंत," ते म्हणाले. "या गावात नियमानं वागणारं एक तरी माणूस निघालं." आणि त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरून माझे आभार मानले.