आडवं, वजन घेणारं

जुन्या इमारती तपासून त्यांचे अहवाल लिहिणारं ते छोटंसं ऑफिस दादानं एकट्याच्या हिमतीवर उभं केलं होतं. धाकटी बहीण शिकून आली, त्याच्या हाताखाली लागली आणि पुढे भागीदार झाली. दादा तिला अजूनही चिमीच म्हणायचा, अगदी गिऱ्हाइकांसमोरसुद्धा.

सगळे अहवाल मागच्या खोलीतल्या एका कॉम्प्युटरवर असत. अलीकडे दादा लिहायला घेतलेला अहवाल पेन ड्राइव्हवर घालून घरी नेऊ लागला होता. तो परत येईपर्यंत बाकीच्यांनी हातावर हात ठेवून बसायचं. 'अंतिम', 'अंतिम नवा', 'हाच अंतिम' या पिलावळीतला खरा कोणता, हे शोधताना ऑफिसातल्या नकाशे काढणाऱ्याच्या नाकी नऊ येत.

एकदा नको ते झालंच. एका शाळेला दादानं जुनाच मसुदा पाठवला. त्यात गच्चीचा कठडा मजबूत असल्याचं लिहिलं होतं. प्रत्यक्षात तो हातानं हलत होता. मुख्याध्यापिकेनं शंका येऊन फोन केला म्हणून निभावलं.

चिमीनं दादाच्या केबिनमध्ये शिरून दार लावून घेतलं.

"दादा, आता पुरे. सगळं ऑनलाइन ठेवू. एकच प्रत, सगळ्यांनी तिच्यातच लिहायचं."

"मी लिहीत असताना कुणी डोकावलेलं मला खपत नाही."

"डोकावणं कसलं त्यात? काम आहे ते."

"माझी पद्धत वेगळी आहे, चिमे."

"पद्धत नाही, आडमुठेपणा आहे! तुझ्या हट्टापायी एखादं पोर खाली पडलं असतं."

दादाचा चेहरा खर्रकन उतरला. "कर तुला हवं तसं," एवढंच तो म्हणाला.

नव्या पद्धतीला सगळे चटकन सरावले. नकाशे इकडे जोडले जात, मजकूर तिकडे लिहिला जाई, एकमेकांना हाका मारणंच थांबलं. दादा मात्र काहीबाही कारण काढून लिहायचं टाळायचा. शेवटी चिमीनं एका गोदामाचा अहवाल त्याच्याच गळ्यात घातला.

दुपारी तिनं सहज तो अहवाल उघडला. दादा त्याच्या टेबलाशी बसून लिहीत होता आणि अक्षरं तिच्यासमोर उमटत होती. 'जिन्यावरच्या' असं आलं. मग काहीच नाही. मग 'जिन्यावरच्या आडव्या'. ते खोडलं गेलं. 'वरच्या त्या आडव्या वजन घेणाऱ्या'. तेही खोडलं गेलं. पुन्हा 'जिन्यावरच्या'.

बीम. जो शब्द दादाच्या तोंडी उठताबसता असायचा, तो त्याला आठवत नव्हता.

पलीकडे नकाशे काढणाऱ्याच्या स्क्रीनवरही तेच चाललं होतं. त्यानं चिमीकडे पाहिलं, स्क्रीनवरचा तो अहवाल मिटला आणि पाणी प्यायच्या निमित्तानं उठून गेला.

चिमीला राहवलं नाही. तिनं त्या ओळीत 'बीमला' असं लिहिलं. पलीकडची हालचाल थांबली.

ती केबिनमध्ये गेली तेव्हा दादा हात मांडीवर ठेवून बसला होता.

"दिसलं ना तुला?" तो म्हणाला. "घरी तुझी वहिनी शेजारी बसते. मी हातानं दाखवतो, ती शब्द सांगते. डॉक्टर म्हणाले, हे वाढतच जाणार."

"मला का नाही सांगितलंस रे?"

"तुझ्यासमोर अडायची लाज वाटली."

चिमीनं केबिनचं दार लोटलं. "आपण जुन्यासारखंच करू. तू घरी ने अहवाल. मी कुणाला काही बोलणार नाही."

"नको." त्याचा आवाज एकदम पूर्वीसारखा करारी झाला. "शाळेला तो कागद मीच पाठवला होता. तू म्हणालीस ते खरं होतं. यापुढे माझी सही कशावरही नको."

काही दिवस तो नुसता येऊन बसला. मग येईनासा झाला. एका सकाळी चिमीनं अहवाल उघडू शकणाऱ्यांच्या यादीतून त्याचं नाव काढलं. ते काम नकाशे काढणारा करायला तयार होता, पण तिनं त्याला करू दिलं नाही.

तिला एकच गोष्ट खात होती. शेवटी न राहवून ती त्याच्या घरी गेली. वहिनी कपडे वाळत घालत होती. दादा खिडकीशी बसला होता.

"दादा, त्या दिवशी मी तुला नको ते बोलले. मला माफ कर."

"कधी?"

"शाळेच्या अहवालावरून भांडलो तेव्हा. आडमुठा म्हणाले तुला."

दादा आठवू लागला. बराच वेळ कपाळाला आठ्या घालून बसला आणि मग हसला.

"छे गं. आपण दोघं कधी भांडलोय का?"

वहिनीचे हात दोरीवरच थांबले. चिमीनं मान हलवली. "नाही, कधीच नाही," ती म्हणाली, आणि त्याच्या शेजारची खुर्ची ओढून बसली.