बोटीवरचा आचारी

“डॉक्टर घ्या, दरोडेखोर घ्या, राजकन्या घ्या. सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य. ‘मी तुमच्या भावना समजू शकतो.’ एका आईची लेकरं आहेत का ही?” साहेबांनी कागद टेबलावर आपटले. “माणूस वाटला पाहिजे, ताई. त्याला खोड द्या, खोट द्या.”

ताईने मान हलवली. वीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, छापखान्याला कुलूप लागलं तशी ती इथे आली. लोक फोनवर ज्यांच्याशी गप्पा मारतात त्या यंत्रातल्या पात्रांची टिपणं लिहायचं तिचं काम. पात्र कोण, कसं बोलतं, कशावर बिनसतं. टिपणात असेल तसं यंत्र बोलणार.

त्या दुपारी तिने बोटीवरच्या आचाऱ्याचं टिपण उघडलं. ‘प्रेमळ, धाडसी, विनोदी’ हे तिन्ही शब्द खोडले आणि दादाला डोळ्यांसमोर आणलं. सोळा वर्षांपूर्वी आईशी भांडून तो भरल्या ताटावरून उठला, तो गेलाच. ना पत्र, ना फोन. दादा प्रश्न विचारायचा आणि उत्तरही स्वतःच देऊन टाकायचा. चूक कबूल करायची वेळ आली की ‘पाणी दे’ म्हणायचा. घरचा जिना चढताना पायऱ्या मोठ्याने मोजायचा, एकोणीस. तिने सगळं लिहिलं. फक्त स्वतःबद्दल एक अक्षर लिहिलं नाही.

आचाऱ्यावर लोक जीव टाकू लागले. साहेबांनी पहिल्यांदाच तिला बसायला खुर्ची पुढे केली.

दर सोमवारी ती काही संवाद वाचून पात्र कुठे घसरतं ते बघत असे. लिहिणाऱ्यांची नावं आधीच पुसलेली असत. त्यांतला एकजण रोज दुपारी बाराला यायचा. कौतुक नाही, रडगाणं नाही, आचाऱ्याच्या बोलण्यातल्या नुसत्या चुका काढायचा.

‘असं नाही. असा माणूस आधी हसेल, मग शिवी देईल.’

एकदा त्याने विचारलं होतं, ‘हे तुला कोणी शिकवलं?’

आचाऱ्याने लिहिलं होतं, ‘कोण शिकवणार? कोणी नाही. बोटीचा जिना रोज चढतो, एकोणीस पायऱ्या.’

त्याखाली त्या माणसाचं उत्तर होतं: ‘होत्या अठराच. एकोणिसावी मी बहिणीला चिडवायला मोजायचो.’

ताईने ती ओळ पुन्हा वाचली. अठरा-एकोणीसवरून लहानपणी ती किती वेळा रडली होती.

ती तडक संगणक विभागातल्या माणसाकडे गेली. “हा कोण आहे, एवढं शोधून दे.”

“ताई, नाव आम्हालाही दिसत नाही. आणि दिसलं असतं तरी दिलं नसतं. नियम आहे.”

ती जागेवर आली. इकडे तिकडे बघून तिने टिपणात एक ओळ घातली. ‘पायऱ्यांचा विषय निघाला तर सांगावं, आई अजून आहे.’

पुढच्या सोमवारी तिने संवाद उघडला. आचाऱ्याने लिहिलं होतं, ‘आई आहे अजून. वाट बघते का? बघते.’

मग अकरा मिनिटं कोरी. मग त्या माणसाची एकच ओळ. ‘तिला सांग, मी आता नाही.’

‘बरं,’ आचारी म्हणाला होता. ‘पाणी दे.’

तो माणूस पुन्हा आला नाही. तीन सोमवार तिने वाट पाहिली. चौथ्या सोमवारी मात्र तिला राहवेना. आईसमोर बसून तिने पहिल्यापासून सगळं वाचून दाखवलं. आई डोळे मिटून ऐकत होती.

“परत वाच.”

तिने परत वाचलं.

“हाच तो,” आई म्हणाली. “पाणी मागणारा.”

“नाही गं आई. त्याला मी लिहिलंय. यंत्र आहे ते. दादा तो दुसरा, चुका काढणारा.”

“तो?” आईने डोळे उघडले. “तो कोणी परका आहे. माझं पोर मला कळत नाही होय?”

पुन्हा समजवायला ताई पुढे सरकली, पण आईचा चेहरा असा निवळला होता की ती तशीच मागे टेकली.

“मला बोलू दे त्याच्याशी.”

“आई, अगं...”

“लावून दे म्हणते ना.”

ताईने फोनवर आचारी लावून दिला, लिहिण्याऐवजी बोलता येईल अशी सोय केली. आईने केस सारखे केले, खुर्ची पुढे ओढली.

“मी आहे रे,” ती म्हणाली.

“कोण?” फोनमधून आवाज आला. “आई होय.”

आईला कमी ऐकू यायचं, म्हणून ती एरवी सगळ्यांशी ओरडून बोलायची. आज मात्र ती फोनवर वाकून अगदी हळू बोलत होती, शेजारी कोणी निजलेलं असावं तशी. काय बोलते ते ताईला ऐकू येईना. ती क्षणभर उंबऱ्यात थांबली, मग आवाज होणार नाही अशा बेताने तिने दार लोटून घेतलं.