चौदा नंबरच्या घराची हरकत

अधिकारीणबाईंनी तो कागद वाचला, पालथा घातला आणि त्यावर तळहात ठेवून त्या नुसत्या बसून राहिल्या. समोरच्या खुर्चीतल्या भोंग्याला वाटलं, आता बोलतील. त्या बोलल्या नाहीत. शांतता जोखणं हा खरं तर त्याचा धंदा. रिकाम्या सभागृहातही खोल कुठेतरी एक घुमणारा सूर असतो, तो ऐकून कर्णे कुठे टांगायचे ते तो ठरवी. पण या खोलीतली शांतता त्याच्या ओळखीची नव्हती. कपाटावर फायलींचे गठ्ठे, खिडकीला धुरकट काच, आणि बाईंच्या हाताखाली काहीतरी झाकलेलं.

भोंगा हे गल्लीने ठेवलेलं नाव. सभा असो, लग्न असो, दुकानाचं उद्घाटन असो, माइक आणि कर्णे त्याचे. आज मात्र तो स्वतःच्या कामासाठी आला होता. बायकोला गायला लागून तीस वर्षं झाली, म्हणून येत्या शनिवारी घरासमोरच्या चौकात तिचा जाहीर सत्कार आणि मग तिचं गाणं, असा बेत त्याने तिला कानोकान खबर न लागू देता जमवत आणला होता. दोनशे खुर्च्या सांगून झाल्या होत्या. अडलं होतं ते नगरपालिकेच्या परवान्यापाशी, आणि परवाना मिळण्याचा आजचा शेवटचा दिवस होता.

"हरकत आलीय वाटतं कुणाची," शेवटी तोच म्हणाला. "औषधवाल्याची असणार. कर्ण्यांनी त्याच्या बाटल्या थरथरतात म्हणे. बाटल्या कसल्या, त्याचं पोट थरथरतं."

"औषधवाल्यांनी सही केलीय. खाली शुभेच्छासुद्धा लिहिल्यात." बाईंनी चष्मा वर सरकवला. "चौकाभोवती घरं किती?"

"तेवीस."

"आणि तुम्ही सह्या आणल्यात बावीस. चौदा नंबरची नाही."

भोंगा मोकळेपणी हसला. "अहो बाई, चौदा नंबर म्हणजे माझंच घर. माझ्या घरात मी कुणाची संमती घेत बसू?"

"अर्जदार सोडून घरातल्या कुठल्याही सज्ञान माणसाची. अर्जाच्या मागे छापलंय." त्यांच्या आवाजात राग नव्हता. "ज्या घराची सही नसते त्याला आम्ही टपालाने विचारतो. उत्तर आलंय. हरकत घेणाऱ्याला बोलावून दोघांसमोर ती वाचायची, असा नियम आहे."

त्यांनी घंटी दाबली. दार उघडलं आणि बाजारात जाताना असते तशी, हातात कापडी पिशवी घेतलेली त्याची बायको आत आली. त्याच्याकडे न पाहता, मधली एक खुर्ची सोडून, ती बसली.

"तू?" तो म्हणाला.

"वाचा बाई," ती म्हणाली.

तिचा आवाज घोगरा होता. असतोच हल्ली, सर्दी, असं त्याच्या मनात आलं. आणि ही सर्दी कधीपासूनची, हे मनाशी मोजू पाहताना तो अडखळला.

बाई वाचू लागल्या. "कार्यक्रमात जी गाणार असं अर्जात लिहिलं आहे, ती मी. मला कोणी विचारलेलं नाही. दोन वर्षांपासून मला गाता येत नाही. आमच्या घरातून सकाळी जे गाणं ऐकू येतं ते जुनं ध्वनिमुद्रण आहे. अर्जदारांना हे माहीत नाही. तरी परवाना देऊ नये, ही विनंती."

कागद संपला. भोंग्याला वाटलं, खोलीतला सगळा आवाज कुणीतरी हळूहळू खाली ओढत नेत आहे. बाईंचे ओठ हलत होते आणि त्याच्यापर्यंत काही पोचत नव्हतं.

ते ध्वनिमुद्रण त्याचंच होतं. नवीन माइक आणला तेव्हा, अकरा वर्षांपूर्वी, खिडकीपाशी बसवून त्याने तिचा सकाळचा सराव टिपला होता. मधेच खाली शिंप्याचा कुत्रा भुंकला होता, तेव्हा दोघं हसली होती आणि तो तुकडा त्याने मुद्दाम ठेवला होता. शिंपी घर सोडून गेला. कुत्रा त्याच्याही आधी मेला. आणि रोज सकाळी, दाढी करताना, वायरींची वेटोळी बांधताना, तिसऱ्या कडव्याच्या अलीकडे तोच कुत्रा दोन वर्षं भुंकत होता. भोंग्याने ते ऐकलं होतं. दूरच्या कर्ण्यातली बारीक खरखर ओळखणाऱ्या या कानांनी ते रोज ऐकलं होतं.

"मला सांगायचंस ना," तो म्हणाला. त्याचाच आवाज त्याला परका वाटला.

"सांगायला आले होते. दोनदा. तुम्ही हेडफोन लावून बसला होतात. हाताने थांब म्हणालात."

"आणि डॉक्टर?"

"घशाच्या डॉक्टरकडे एकटीच गेले. गाठी आहेत म्हणाले, बोलता येईल, गाणं विसरा. त्या दिवशी तुम्ही कुठल्याशा फीत कापण्याला माइक लावत होतात. घरी येऊन म्हणालात, आज आवाज काय सुरेख लागला होता." ती थांबली. "माइकचा."

"पण हे घरी बोलायचं, गं. असं कचेरीत..."

"इथे निदान वाचून दाखवतात."

अधिकारीणबाईंनी पेन उचललं. मग म्हणाल्या, "काकू, हरकत मागे घ्यायची असेल तर आत्ता घेता येईल. नुसता सत्कार ठेवा, गाणं वगळा, असंही चालतं. नाहीतर मला नामंजूर लिहावं लागेल."

बायकोने पिशवीचे बंद बोटांना गुंडाळले. "मी लिहायचं ते लिहिलंय. आता त्यांनी ठरवावं."

भोंग्याच्या डोळ्यांसमोर दोनशे खुर्च्या उभ्या राहिल्या, त्यांच्यासमोर मंच, मंचावर हार घातलेली ती, आणि तिच्या तोंडापुढे त्याने धरलेला माइक. त्याने स्वतःचा अर्ज पुढे ओढला. "अर्ज मागे घेतो" असं लिहिताना मधली दोन अक्षरं एकमेकांवर चढली. बाईंनी ते चालवून घेतलं आणि शिक्का उमटवला.

बाहेर व्हरांड्यात टोकन घेऊन बसलेल्या माणसांची रांग होती. बायको पुढे निघाली होती. त्याने चार पावलं धावत तिला गाठलं.

"एक सांग," तो म्हणाला. इतक्या हळू तो कित्येक वर्षांत बोलला नसेल. "दोन वर्षं. रोज सकाळी उठून तू ते लावत होतीस. कुणासाठी?"

ती थांबली. बाकावरच्या एका म्हातारबाईने टोकनवरून नजर उचलून दोघांकडे पाहिलं. बायकोने त्याचा चेहरा नीट न्याहाळला, खूप दिवसांनी भेटलेल्या माणसाचा न्याहाळावा तसा. मग पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि रांगेच्या कडेकडेने, वळून न बघता, ती जिना उतरून गेली.